असारअखेरची बिले आणि नेपाळचे डोंगर

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत तरुण रस्त्यावर उतरले, संसद भवन आणि सरकारी सचिवालय असलेला सिंहदरबार जळाले, पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांना राजीनामा द्यावा लागला. तेव्हापासून मराठी वृत्तपत्रांत नेपाळवर भरपूर लिहून आले. सत्ता कोणाकडे जाणार, नवे सरकार दिल्लीकडे झुकणार की बीजिंगकडे, राजेशाही परतणार का, या प्रश्नांचा कीस काढला गेला. पण डोंगरातल्या नेपाळी कुटुंबाचे बरेवाईट ज्यावर ठरते, त्या गावरस्त्याबद्दल काहीच वाचनात आले नाही. तो कोणत्या महिन्यात खणला जातो, कशाने खणला जातो आणि खणलेली माती कुठे टाकली जाते, याला तिथे फार महत्त्व आहे. आपल्या सह्याद्रीच्या वाचकांना ते चटकन उमजेल, म्हणून हे पत्र.

मार्चअखेरीस सरकारी पैसा संपवण्याची धावपळ आपल्याला नवी नाही. त्यात कामाचा दर्जा ढासळतो, पण निदान जमीन कोरडी असते. नेपाळचे आर्थिक वर्ष श्रावणाच्या पहिल्या दिवशी सुरू होते आणि असार संपताना संपते. तिथले महिने सौर असल्यामुळे असार म्हणजे साधारण मध्य जून ते मध्य जुलै. मान्सून नेपाळात पूर्वेकडून सरासरी १३ जूनला शिरतो, आणि वर्षभराच्या पावसापैकी सुमारे ऐंशी टक्के पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो. म्हणजे आपला ‘मार्च एंड’ त्यांच्याकडे ऐन पावसात येतो. असार १५ हा तिथे भातलावणीचा दिवस. दही-चिउरा, म्हणजे दही-पोहे, खाऊन माणसे खाचरात उतरतात. माणसांचे हात शेतात गुंतलेले आणि डोंगर पाण्याने भरलेला, अशा महिन्यात रस्त्याची खोदाई सर्वांत जोरात चालते. तिकडे याला ‘असारे विकास’ म्हणतात, आणि यंत्राच्या जोरावर होणाऱ्या कामाला ‘डोजरे विकास’. आपण ज्याला जेसीबी किंवा पोकलेन म्हणतो, ते सगळे त्यांच्या बोलण्यात डोजर.

हे असे का झाले ते समजून घ्यायला थोडे मागे जावे लागेल. १९९७ नंतर नेपाळात स्थानिक निवडणुका झाल्या त्या थेट २०१७ मध्ये. मधल्या वीस वर्षांत माओवादी युद्ध झाले, राजेशाही गेली, दोन संविधान सभा झाल्या. २०१५ च्या घटनेने सात प्रांत आले आणि जुन्या गाव विकास समित्या मोडून ७५३ पालिका उभ्या राहिल्या. त्यांतल्या ४६० गावपालिका. घटनेच्या आठव्या अनुसूचीत पालिकांचे २२ अधिकार दिले आहेत. माध्यमिक शिक्षण त्यात आहे, आणि स्थानिक रस्ते, ग्रामीण रस्ते, कृषी रस्ते व सिंचन एकाच ओळीत आहेत. आपल्या ग्रामपंचायतींना इतके कधी मिळालेले नाही. वीस वर्षांनी निवडून आलेल्या वॉर्ड अध्यक्षापुढे लोकांनी पहिली मागणी ठेवली ती रस्त्याची. ती शंभर टक्के रास्त होती. अडलेल्या बाळंतिणीला पाठीवरच्या टोपलीत बसवून चार-पाच तास डोंगर उतरावा लागतो, तिथे रस्ता ही चैन नाही. माझा आक्षेप रस्त्याला नाही, तो काढण्याच्या वेळेला आणि पद्धतीला आहे.

कागदावरचे वेळापत्रक चांगले आहे. केंद्राचा अर्थसंकल्प जेठ १५ ला, म्हणजे मेअखेर, मांडायचा हे घटनेतच लिहिले आहे. पालिकेने आपला अर्थसंकल्प असार १० पर्यंत सभेपुढे ठेवायचा. त्याआधी वस्तीपासून सुरू होऊन सभेपर्यंत जाणारी सात टप्प्यांची नियोजन प्रक्रिया. श्रावणात पैसा मंजूर झाला, पुढच्या दोन-तीन महिन्यांत एकेका कामाचे अंदाजपत्रक आणि करार झाले, तर मंसिर ते चैत, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, पाच महिने कोरडी जमीन हाताशी असते.

प्रत्यक्षात दसैं-तिहार, म्हणजे त्यांचे दसरा-दिवाळी, उलटेपर्यंत काम करून घेणाऱ्या लाभार्थींच्या उपभोक्ता समित्याच बनत नाहीत. मग आराखड्याला तंत्रज्ञ मिळत नाही, कारण एका गावपालिकेत अभियंते मोजके आणि कामे ढीगभर. ढीगभर असतात, कारण प्रत्येक वॉर्डाला आणि प्रत्येक टोल्याला, म्हणजे वस्तीला, काही ना काही द्यावे लागते. मोठा रस्ता नीट बांधायला पुरेल एवढी रक्कम एका ठिकाणी पडतच नाही. यंदा चारशे मीटर ‘ट्रॅक खोलायचा’, म्हणजे कच्चा रस्ता काढायचा, पुढच्या वर्षी आणखी तीनशे. माघ-फागुन कागदपत्रांत जातात. जेठ उजाडतो तेव्हा लक्षात येते की असारअखेर बिल निघाले नाही तर सशर्त अनुदान परत जाईल. मग एकच साधन उरते. महिन्याचे काम दोन दिवसांत उरकणारे यंत्र. कित्येक ठिकाणी ते यंत्र निवडून आलेल्या प्रतिनिधीचे किंवा त्याच्या नातलगाचेच असते, हे नेपाळी पत्रकारांनी वारंवार लिहिले आहे. तासाच्या भाड्याने चालणाऱ्या यंत्राला डोंगर किती कापला यावर बंधन नसते. उलट जितके तास, तितके बिल.

आता त्या डोंगराचे काय होते ते पाहू, कारण सारे नुकसान इथे आहे. ३५ अंश उताराचा डोंगर धरा. नेपाळच्या मध्य पहाडात असा उतार नेहमीचा. त्यावर ५ मीटर रुंदीचा रस्ता पूर्ण कापून काढला आणि वरची कड तीन मीटर उंचीला एक मीटर मागे अशी ठेवली, तर साडेचार मीटरांचा उघडा कडा तयार होतो आणि दर मीटर लांबीमागे सुमारे ११.४ घनमीटर माती-दगड निघतात. म्हणजे चार ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). किलोमीटरला चार हजार ब्रास. हीच ५ मीटर रुंदी अर्धी कापून आणि अर्धी भरून मिळवली, तर कापणी अडीच मीटर रुंद आणि सव्वादोन मीटर उंच होते, आणि माती निघते मीटरमागे एक ब्रास. कापणीची रुंदी निम्मी झाली की माती पावपट होते. शिवाय ती एक ब्रास वाया जात नाही; तिच्यातला दगड खालच्या कडेच्या बांधाला लागतो आणि माती भरावाला. मात्र तो बांध हवाच, कारण मोकळा भराव स्वतःच्या बळावर ३३-३४ अंशांहून जास्त उभा राहत नाही. ३५ अंशांच्या उतारावर खालच्या कडेला साधारण दोन मीटर उंचीचा कोरड्या दगडाचा बांध, आपला कोकणातला गडगा समजा, किंवा तारेच्या जाळीत दगड भरून केलेले गॅबियन बसवावे लागते. बांध घालायला गवंडी लागतो, दगड निवडावा लागतो, पाया खणावा लागतो. यंत्राला यातले काहीच करायचे नसते. बकेट वळवायची आणि चारही ब्रास दरीत सोडायची.

ती माती कुठे जाते? खालच्या खाचरांवर. नेपाळच्या २०२१-२२ च्या कृषिगणनेनुसार सरासरी जमीन ०.५५ हेक्टर, म्हणजे सुमारे ५४ गुंठे, आणि तीही दोन-तीन तुकड्यांत विखुरलेली. त्यातला एक पट्टा दगडमातीखाली गेला की वर्षाच्या धान्याचा मोठा वाटा गेला. गावरस्त्याला जमीन बहुधा ‘स्वेच्छेने’ सोडलेली दाखवतात, त्यामुळे रस्त्याखाली गेलेल्या जमिनीची भरपाई नाही. मग राडारोड्याखाली गेलेल्या जमिनीची कोण देणार? त्याच मातीने कुलो बुजतात. कुलो म्हणजे शेतकऱ्यांनी स्वतः खणलेले आणि पाळीपाळीने सांभाळलेले पाण्याचे पाट. धुळे-नाशिककडे फड पद्धत पाहिलेल्या वाचकाला ही व्यवस्था लगेच ओळखू येईल. एक पाट वीस-पंचवीस घरांचे भात पिकवतो, आणि तो डोंगराच्या कडेने जात असल्यामुळे रस्त्याची रेघ त्याला कुठे ना कुठे छेदतेच. कापणी झऱ्याच्या शिरेवर आली तर झरा मूळ जागी आटतो आणि कापलेल्या कड्यातून भलतीकडे पाझरू लागतो. खालची वस्ती पाण्याला मोताद होते आणि वरचा कडा पाण्याने फुगतो.

पाण्याची वाट न काढणे ही तर सर्वांत मोठी चूक. डोजरने काढलेल्या ट्रॅकला बाजूचे गटार नसते, मोऱ्या नसतात, पृष्ठभागाला धड उतार नसतो. पाऊस पडला की रस्ताच ओढा होतो आणि जिथे वळण येते तिथे कड फोडून खाली कोसळतो. नागमोडी वळणे एकाच उतारावर एकावर एक घेतली असतील तर वरच्या वळणाचे पाणी खालच्या वळणाच्या कड्यावर पडते आणि दोन्ही बसतात. ग्रामीण रस्त्यांच्या नेपाळी मानकात डोंगरी रस्त्याला ७ टक्के चढ योग्य धरला आहे आणि अगदी अडचणीच्या जागी १२ टक्क्यांपर्यंत मुभा आहे. घाईत सर्वेक्षण न करता ‘चालक नेईल तिकडे’ काढलेल्या ट्रॅकवर त्याहून कितीतरी खडे चढ आढळतात. अशा चढावर पहिल्या पावसात माती वाहून जाते, जीप चढत नाही. पुढच्या असारात दरड काढण्याचे बिल लागते आणि पुन्हा तीच माती खाली जाते. काही रस्त्यांवर दरवर्षीचा खर्च एवढाच असतो.

एखादी दरड नेमकी कशाने आली हे घाईने ठरवू नये, हेही मान्य केले पाहिजे. २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपाने गोरखा, धादिंग, सिंधुपाल्चोक भागातले डोंगर आधीच तडकलेले आहेत. खडकाचा थर उताराच्या दिशेने झुकलेला असेल तर रस्ता नसतानाही जमीन सरकते. १२ जुलै २०२४ ला, असारच्या शेवटच्या आठवड्यात, नारायणगढ-मुग्लिन रस्त्यावर सिमलताल इथे दरडीने दोन बस त्रिशुली नदीत लोटल्या आणि साठाहून अधिक प्रवासी वाहून गेले. तो महामार्ग, तिथली कारणे वेगळी तपासायला हवीत. पण डोंगराचा पायथा कापणे, वरून वजन टाकणे आणि पाणी मुरू देणे ही तिन्ही कामे एकाच महिन्यात केली, तर धोका वाढतो याबद्दल अभियंत्यांत दुमत नाही. ३० जुलै २०१४ ला माळीणमध्ये १५१ माणसे गेली, तेव्हा भातखाचरांसाठी यंत्राने केलेल्या सपाटीकरणावर आपल्याकडेही वाद झाला होता.

कायदा नाही असे कोणी म्हणू नये. नेपाळच्या सार्वजनिक खरेदी नियमावलीत स्पष्ट लिहिले आहे की उपभोक्ता समितीमार्फत होणाऱ्या कामात डोजर, एक्स्कॅव्हेटर, लोडर, रोलर, ग्रेडर अशी जड यंत्रे वापरायची नाहीत. लाभार्थींनीच आपल्या हातांनी काम करावे म्हणून या समित्यांना निविदेविना काम मिळते. पळवाट त्याच नियमात आहे: अंदाजपत्रकात यंत्राची गरज दाखवली आणि तंत्रज्ञाने शिफारस केली की परवानगी मिळते. अपवादाचा नियम झाला तो इथे. लोकांचा वाटा म्हणून श्रमदान दाखवावे लागते, ते कागदावर भरले जाते. पर्यावरण परीक्षण टाळायला एकच रस्ता लहान लहान तुकड्यांत मांडला जातो.

आणि पर्याय नेपाळच्या स्वतःच्या हातात आहे, म्हणून जास्त वाईट वाटते. धादिंग, पाल्पा आणि इतर काही जिल्ह्यांत १९८० च्या दशकापासून ‘हरित सडक’ नावाची पद्धत जर्मन आणि स्विस मदतीने विकसित झाली. ती अशी: आधी पायी फिरून रेघ ठरवायची, झरे, जुन्या दरडी आणि पाट टाळायचे. कोरड्या हंगामात मीटर-दीड मीटर रुंदीचा माग हाताने खणायचा आणि थांबायचे. एक पावसाळा जाऊ द्यायचा. कुठे पाणी पाझरते, कुठे कड बसते हे डोंगर त्या चार महिन्यांत दाखवतो, आणि मीटरभर रुंदीत झालेली पडझड फावड्याने सावरता येते. पुढच्या हंगामात दोष दिसलेल्या जागी बांध घालून रुंदी वाढवायची, त्याच्या पुढच्या हंगामात आणखी. पूर्ण रुंदीला तीन ते पाच वर्षे लागतात. कापलेली माती तिथल्या तिथेच भरायची. रस्त्याला डोंगराच्या बाहेरच्या बाजूला सुमारे ५ टक्के उतार द्यायचा, म्हणजे पाणी एका जागी न साचता सगळ्या लांबीवर पसरून उतरते आणि खर्चिक गटाराची गरज कमी होते. सुरुंग नाही, बुलडोझर नाही.

उघड्या कडांवर लावायला अम्रिसो आहे. केरसुणीचे हे गवत मुळांनी माती घट्ट धरते, पाला गुरांना होतो आणि तुरे विकून घरात रोकड येते. वाळा, बांबू, उत्तिसाची झाडे यांचाही उपयोग होतो. लागवड मात्र जागा पाहून करावी लागते. कोरड्या, दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारावर आडव्या ओळी चालतात, कारण त्या पाणी अडवतात. चिकण, ओलसर उतारावर त्याच आडव्या ओळी पाणी मुरवून कडा खाली आणतात. तिथे ओळी उभ्या किंवा तिरक्या हव्यात. धरान-धनकुटा रस्त्यावर या विषयाचे मोठे काम झाले आहे आणि नेपाळच्या सडक विभागाने त्यावर पुस्तिका काढल्या आहेत. असार हा खरे तर या रोपांचा महिना आहे, खोदाईचा नव्हे.

हरित सडक सगळीकडे चालत नाही. अखंड कातळ लागला की सुरुंग लागतो, आणि मोठ्या बसच्या रस्त्याला जास्त रुंदी व पक्के बांधकाम लागते. पण खरी अडचण निराळीच आहे. हात कुठून आणायचे? २०२१ च्या जनगणनेत सुमारे २१ लाख ९० हजार नेपाळी देशाबाहेर असल्याची नोंद झाली, त्यात पाचांत चार पुरुष. लोकसंख्या २ कोटी ९२ लाख. परदेशातून येणारा पैसा राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळपास चौथा हिस्सा आहे. पहाडातल्या कित्येक गावांत खाचरे पडीक आहेत, कारण कसायला कोणी नाही.

त्यातले काही हात आपल्याकडे आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या हापूसच्या बागांची राखण नेपाळी कामगार करतात. मिरकरवाड्यापासून अनेक बंदरांत नौकांवर नेपाळी खलाशी असतात. अछाम, बाजुरा, डोटी, कैलाली या पश्चिमेकडच्या जिल्ह्यांतून मुंबई-कोकणात येण्याची वाट जुनी आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बरेच खलाशी गावी जातात. म्हणजे हाताने रस्ता करता येण्याजोग्या कोरड्या महिन्यांत हा माणूस आपल्या समुद्रावर असतो, आणि घरी पोहोचतो तो नेमका असारात, जेव्हा त्याच्या वॉर्डात डोजर चालू असतो. नेपाळने २०१८ मध्ये रोजगाराच्या हक्काचा कायदा केला आणि बेरोजगाराला वर्षाला किमान १०० दिवस काम देण्याचे कबूल केले. काम मात्र त्याहून फार कमी दिवस मिळते, आणि तेही बहुतेकदा वर्षाच्या शेवटी. तेच १०० दिवस मंसिर ते चैत या काळात, आधी रेघ मारून तयार ठेवलेल्या रस्त्यावर मिळाले, तर काही जण तरी घरी राहतील. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये करणाऱ्या महाराष्ट्राकडे याचा मोठा अनुभव आहे: काम मागण्याच्या हंगामाआधी मंजूर कामांची यादी हातात नसेल तर हमी कागदावर राहते.

गावात राहिलेल्यांत बायकाच जास्त, आणि इथे नेपाळच्या नव्या व्यवस्थेतली एक गोष्ट फार मोलाची वाटते. पाच जणांच्या प्रत्येक वॉर्ड समितीत दोन महिला असतात, त्यांतली एक दलित. पालिकेच्या प्रमुख व उपप्रमुख या दोन पदांना एकाच पक्षाने उमेदवार दिले, तर त्यांतली एक महिला असावी लागते. त्यामुळे उपप्रमुख बहुतेक ठिकाणी महिला आहेत. २०१७ च्या कायद्याने उपप्रमुखाकडे न्यायिक समिती, अर्थसंकल्प तयार करणारी (‘तर्जुमा’) समिती आणि कामांच्या देखरेखीची समिती अशी तीन कामे दिली आहेत. देखरेख समितीने मोजमापावर सही केल्याशिवाय बिल द्यायचे नाही एवढे जरी कसोशीने पाळले, तरी वॉर्डातला डोजर थबकेल. पण त्यासाठी उपप्रमुखांना स्वतःचा अभियंता हवा. प्रमुखाच्या हाताखालच्या तंत्रज्ञाने केलेले मोजमाप तपासायला त्याच तंत्रज्ञाला पाठवून काही हाती लागत नाही.

आर्थिक वर्ष बदलण्याची चर्चा नेपाळात अधूनमधून होते. ते बदलावे असे माझे मत आहे. धावपळ कोरड्या महिन्यात गेली तरी अर्धे नुकसान टळेल. त्याला वेळ लागणार असेल तर दोन गोष्टी पालिका स्वतः करू शकतात. जेठच्या मध्यानंतरच्या खोदाईचे मोजमाप धरायचे नाही, आणि अपुऱ्या रस्त्याची आपल्या अखत्यारीतली रक्कम पुढच्या वर्षी त्याच रस्त्यासाठी राखायची, वॉर्डाचा वाटा न कापता. तिसरी गोष्ट अंदाजपत्रकाची. मातीची विल्हेवाट हा अंदाजपत्रकात वेगळा, पैसे मिळणारा घटक हवा: कुठे टाकायची ती जागा, किती अंतर, किती घनमीटर. आज खोदाईचे पैसे मिळतात आणि माती नेण्याचे मिळत नाहीत, म्हणून ती दरीत जाते. नुसत्या दंडाने हे थांबणार नाही. नियमित देखभालीसाठी रस्त्याच्या कडेच्या गावांतल्या लोकांचे गट नेमण्याचा प्रयोगही तिथे झालेला आहे. गटार उपसणे, मोरी मोकळी ठेवणे, छोटी दरड काढणे ही कामे पावसाळ्यातच करायची असतात, आणि त्यांना यंत्र लागत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये तनहूं जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत बस कोसळली आणि जळगाव जिल्ह्यातल्या यात्रेकरूंसह २७ जणांचा जीव गेला. तेव्हा आपल्या सगळ्या वृत्तपत्रांनी नेपाळचे रस्ते पहिल्या पानावर आणले होते. आठवडाभराने विषय संपला. पुढच्या जूनमध्ये नेपाळातल्या पुराच्या आणि दरडींच्या बातम्या येतील, तेव्हा मृतांच्या आकड्यांसोबत एवढे जरूर छापावे: वरच्या अंगाला रस्ता होता का, तो कोणत्या महिन्यात खणला, त्याची माती कुठे टाकली होती. काठमांडूला बातमीदार पाठवणे सर्वांना परवडणार नाही. पण मेच्या अखेरीस रत्नागिरीच्या बंदरावर गावी निघालेल्या खलाशांना त्यांच्या वॉर्डातल्या रस्त्याबद्दल विचारायला कोकण आवृत्तीचा बातमीदार पुरेसा आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त बांधकाम अभियंता, चिपळूण